रात्रीच्या दोन घटका

“करायचं पुष्कळ आहे हो, पण वेळच मिळत नाही.” हे वाक्य आपण चावडीवर ऐकतो, शाळेच्या ओसरीवर ऐकतो आणि कित्येकदा आपल्याच तोंडून ऐकतो. आजच्या भाषणात या वेळेचाच थोडा इतिहास सांगायचा आहे. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. पण माणसांनी आपला दिवस कसा मोजला, कसा वाटून घेतला आणि त्यातून काय उभे केले, हाही इतिहासच की!

त्यासाठी मी तुम्हांला दोन शिक्षकांची गोष्ट सांगणार आहे. दोघेही एकाच गावचे. रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. जंजिऱ्याजवळचे मुरूड ते निराळे, हे दापोलीचे. एक शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३ चा. दुसरे धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८ चा. एकाला पुरी पंचेचाळीस वर्षेही लाभली नाहीत, दुसऱ्याला एकशेचार लाभली. वेळेचा हिशेब मांडायला याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

दीक्षितांचे एक पुस्तक आहे, ‘ज्योतिर्विलास’. त्याला त्यांनी दुसरेही एक नाव जोडले: ‘रात्रीची दोन घटका मौज’. आकाशातले तारे ओळखायला शिकवणारे हे पुस्तक १८९० च्या दशकाच्या आरंभी निघाले आणि ज्यांच्या हाती पडले त्यांना त्याने अंगणात बाहेर काढले. मला त्या नावातल्या ‘दोन घटका’ या शब्दांचे फार कौतुक वाटते. रात्रभर नव्हे, जमेल तेव्हा नव्हे, दोन घटका.

आता ही घटका म्हणजे किती? आपण ‘घटकाभर बसा’ म्हणतो आणि तासभर उठत नाही, ती गोष्ट सोडा. जुन्या हिशेबात एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटका. म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. तिची पुन्हा साठ पळे, आणि एक पळ चोवीस सेकंदांचे. साडेसात घटकांचा एक प्रहर, दिवसाचे चार आणि रात्रीचे चार. ही घटका मोजायला तांब्याची वाटी असे. तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत शिरे, वाटी भरे आणि चोवीस मिनिटांनी टुपकन बुडे. हेच घटिकापात्र. पुष्कळ वृद्धांनी ते लग्नमांडवात पाहिलेले असेल. घटका ‘भरली’ असे आपण म्हणतो, ते या वाटीवरूनच.

आणि तास? तास म्हणजे काशाची जाड थाळी, तिच्यावर टोला देऊन वेळ जाहीर करीत. थाळीचे नाव पुढे वेळेला चिकटले. शेतकरी मंडळींना तासाचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे, नांगराने जमिनीत काढलेली ओळ. दोन्ही शब्दांचा काही संबंध असो वा नसो, नांगरणाऱ्याला एवढे पक्के माहीत असते की एका दमात शेत नांगरून होत नाही, तासामागून तास घालावे लागतात.

दीक्षितांचा जन्म झाला त्याच वर्षी, तीन महिने आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. आगगाडी आली आणि तिच्यामागून मिनिटे आली. बैलगाडीला ‘उन्हं उतरल्यावर’ चालत असे, आगगाडीला चालेना. पण घड्याळ आले म्हणून घोळ संपला असे समजू नका. मुंबईचे घड्याळ मुंबईच्या सूर्याप्रमाणे चाले, आणि रेल्वे पुढे मद्रासच्या वेळेवर चालू लागली. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. गावच्या घड्याळावर विसंबून स्टेशनात गेलेला माणूस आणि निघून गेलेली गाडी, ही गंमत त्या काळी नित्याचीच झाली असणार. १९०६ साली सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे. लोक चिडले. आमचा मध्यान्ह आम्हांला विचारल्यावाचून सरकवणारे हे कोण, असा तो प्रश्न होता. मुंबईची म्हणून वेगळी वेळ त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ शहरात टिकून होती! वेळ कोणाची, ती कोणी ठरवायची, हा प्रश्न पुढेही येणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्या.

अशा काळात दीक्षित मोठे झाले. गावात मराठी शिक्षण आणि थोडे संस्कृत झाले. १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले आणि तिथून शिक्षक होऊन बाहेर पडले. मग रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुणे, अशा बदल्या होत राहिल्या. शिक्षक मंडळींना बदली म्हणजे काय ते सांगायला नको. घर हलवायचे, मुलांची नावे नव्याने पाठ करायची, आणि पुस्तकांचे ओझे कसे न्यायचे ते पाहायचे. दीक्षितांपाशी विद्यापीठातली जागा नव्हती, वेधशाळा नव्हती, हाताखाली कारकून नव्हता. दिवसभर शाळा. उरला तो सकाळचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा वेळ, आणि सुट्ट्या.

या उरलेल्या वेळेत या माणसाने काय केले ते पाहा. आरंभ लहान पुस्तकांपासून केला. १८७६ मध्ये ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’, १८८२ मध्ये ‘सृष्टचमत्कार’. शाळेतल्या मुलांच्या उपयोगाची ही पुस्तके. एकदम मोठ्या ग्रंथाला हात घातला नाही. याच सुमारास पंचांगाचा अभ्यास चालू होता. आपल्याकडचे पंचांग कसे झाले, त्यातले गणित कोठून आले, ते आकाशाशी का जुळत नाही, हे प्रश्न त्यांना छळत होते.

तेवढ्यात एक निराळेच काम पुढे आले. फ्लीट नावाचे एक इंग्रज अधिकारी जुन्या गुप्त राजांचे शिलालेख वाचीत होते. लेखांवर साल असे, पण ते गुप्तांच्या शकाचे. तो शक सुरू केव्हा झाला यावर विद्वानांचे भांडण जुंपलेले. आता मध्यप्रदेशात सागर जिल्ह्यात एरण म्हणून गाव आहे. तिथल्या एका स्तंभावरच्या लेखात गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार, एवढे कोरलेले होते. द्वादशी दरवर्षी येते, पण ती गुरुवारीच यायची तर वर्ष नेमके असावे लागते. दीक्षितांनी गणित केले आणि दिवस काढून दिला: इसवी सन ४८४, जून महिन्याची २१ तारीख, गुरुवार. चौदाशे वर्षांपूर्वीचा वार एका शाळामास्तराने कागदावर आकडेमोड करून सांगितला, आणि फ्लीटसाहेबांनी १८८८ साली छापलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांच्या नावानिशी तो घेतला. त्या वेळी हाताशी हिशेबाचे यंत्र नव्हते. पाटी, कागद आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून.

मला यात एक गोष्ट शिकण्यासारखी दिसते. ‘गुप्तांचा इतिहास लिहायचा’ असे म्हणून बसले तर आयुष्य पुरत नाही. ‘या एका लेखातली ही एक द्वादशी कोणत्या वारी पडली’ असे विचारले तर ते काम थोड्या बैठकांत पुरे होते, आणि पुरे झालेले काम पुन्हा उसवावे लागत नाही. मोठे ध्येय डोळ्यांपुढे असावे, पण पाटीवर मात्र त्याचा एवढासा तुकडा घ्यावा. दीक्षितांची सगळी ग्रंथरचना अशाच तुकड्यांनी झाली आहे.

त्यांचा मुख्य ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. त्याचे मूळ एका बक्षिसाच्या निबंधात आहे. दक्षिणा प्राइझ कमिटी म्हणून एक संस्था होती, पेशव्यांच्या वेळच्या दक्षिणेच्या रकमेतून ती मराठी ग्रंथांना बक्षिसे देई. तिने पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागवला. दीक्षितांनी तो लिहायला घेतला आणि तो वाढत वाढत सगळ्या भारतीय ज्योतिषाचा इतिहास झाला. वेदकाळापासून सिद्धान्तग्रंथांपर्यंत आणि तिथून त्यांच्या काळच्या पंचांगकर्त्यांपर्यंत. १८९६ मध्ये तो पुण्यास आर्यभूषण छापखान्यात छापून निघाला, मराठीत. त्याच वर्षी रॉबर्ट सीवेल यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले, भारतीय कालगणनेविषयीचे. एक पुस्तक पुण्यात, एक लंडनमध्ये, आणि लेखक सकाळी ट्रेनिंग कॉलेजात मास्तरांना शिकवायला हजर!

पुढे दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, दीक्षित वारले. वय पुरे पंचेचाळीसही नव्हते. त्यांचा मराठी ग्रंथ पुढे हिंदीत गेला आणि १९६९ व १९८१ मध्ये दोन भागांत त्याचे इंग्रजी भाषांतरही भारत सरकारने प्रसिद्ध केले.

आता जरा हिशेब करू या. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्रींपैकी पासष्ट रात्री पाऊसपाणी, आजारपण, पाहुणे आणि लग्नकार्ये यांत जाऊ द्या. राहिल्या तीनशे. तीनशे गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे चौदा हजार चारशे मिनिटे, अर्थात दोनशे चाळीस तास. रोज आठ तास काम करणाऱ्या माणसाचा तो पुरा एक महिना झाला. म्हणजे जो रोज रात्री दोन घटका एका कामाला देतो, त्याला वर्षाचे तेरा महिने मिळतात. दहा वर्षांत दहा महिने नुसते जादा. हे गणित चौथीच्या वर्गात फळ्यावर घालून पाहा, पोरे पटकन करतील. पण शेजारच्याला विचारा की काल रात्रीच्या दोन घटका कोठे गेल्या, तो डोके खाजवील.

इथे कोणी मला म्हणेल, “मास्तरांचं ठीक आहे. त्यांची शाळा सुटते तरी. आमची कुठे सुटते?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. मघा विचारले ना, वेळ कोणाची? ज्याचा सगळा दिवस दुसऱ्याच्या हाती आहे, त्याला वेळेचे नियोजन शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला काटकसर शिकवण्यासारखे आहे.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घ्या. तिथे काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले. उशीर झाला की मजुरी कापत, आणि घरी घड्याळ नाही. म्हणून कित्येक कामगार पहाटेच्या कितीतरी आधी येऊन गिरणीच्या दाराशी पडून राहत. आठवड्याची सुट्टी नाही. ज्या दिवशी गिरणी बंद, त्या दिवशीही यंत्रे पुसायला बोलावीत. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. अर्धा तास! एका घटकेहून सहा मिनिटे जास्त. एवढ्यासाठी सभा भरवाव्या लागल्या. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, सहा वर्षांनी. आपण आज रविवार गृहीत धरतो. तो पंचांगात होताच, पण गिरणीतल्या माणसाच्या हाती तो लोखंड्यांनी आणून दिला.

आणि घरातल्या बायकांचे काय? जाते, पाणी, चूल, गोठा, मुले, पुन्हा चूल. त्यांच्या दिवसाला ना घंटा, ना सुट्टी. त्यातही एकोणिसाव्या शतकात उच्च म्हणवणाऱ्या जातींत ज्या बाईला वैधव्य येई, तिचा दिवस तर सर्वस्वी परक्याचा. घरातल्या प्रत्येकाने तिला हाक मारावी आणि तिने ओ द्यावी. तिला ‘वेळ’ असा नव्हताच. मुरूडच्या दुसऱ्या शिक्षकाची गोष्ट इथून सुरू होते.

धोंडो केशव कर्वे यांना गावच्या शाळेत सोमण मास्तर भेटले. गावासाठी काही करावे ही ओढ त्यांना या मास्तरांनी लावली. देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे काम मास्तरांनी या मुलावर सोपवले होते. पुढे कर्वे मुंबईला शिकले, गणित घेऊन बी. ए. झाले आणि शिक्षकी करू लागले. दिवसा निरनिराळ्या शाळांत तास, सकाळ-संध्याकाळ खासगी शिकवण्या. अशी ओढाताण करणारा माणूस म्हणेल की पैसा साठला आणि वेळ मिळाला म्हणजे मग गावासाठी काही करू. कर्व्यांनी उलट केले. १८८६ मध्ये त्यांनी मुरूड फंड काढला. मुंबईत चाकरी करणाऱ्या मुरूडकरांनी मिळकतीचा ठरलेला लहानसा हिस्सा गावासाठी बाजूला काढायचा, अशी ती योजना. उरले तर द्यायचे असे नाही. आधी काढायचे, मग उरलेल्यात भागवायचे.

मला वाटते, कर्व्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या फंडात आहे. पैशाला त्यांनी जो नियम लावला, तोच वेळेला लावला.

१८९१ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले, म्हणजे बेताच्या पगारावर वीस वर्षे शिकवायचे बांधून घेतले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवा बाईंशी विवाह केला. ज्या मुरूडसाठी फंड काढला त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० च्या सुमारास तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथे प्रथम एक साधी झोपडी होती. पुण्यापासून हिंगणे चार मैल, आणि वाट कसली? शेतांतून, पावसाळ्यात चिखलातून. दिवसा कॉलेजात गणिताचे तास घ्यायचे आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचे, पुष्कळदा खांद्यावर आश्रमाचे वाणसामान घेऊन. मुलींना शिकवायचे, हिशेब पाहायचा, आणि सकाळी पुन्हा कॉलेज. असे त्यांनी कितीतरी दिवस केले.

यात चकित करणारे काय असेल तर ते कष्ट नव्हेत. आपल्याकडे कष्टाला तोटा नाही, शेतकरी याहून जड ओझे घेऊन चालतो. चकित करणारी गोष्ट ही की रोजची संध्याकाळ आधीच दिलेली होती. आज जावे की न जावे, हा विचारच उरला नव्हता. आपल्या वारकऱ्यांना हे सांगायला नको. त्यांच्या भाषेत याला नेम म्हणतात. हरिपाठ म्हणायला वेळ आहे की नाही असे वारकरी कधी स्वतःला विचारीत नाही. दिवेलागण झाली की तो टाळ घेतो. कर्वे भाविक वळणाचे गृहस्थ नव्हते, पण नेमी मात्र पुरे होते.

आणि त्या नेमातून ज्यांना वेळ मिळाला त्या बायका पाहा. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेहुणी, देवरुखच्या. विशीत वैधव्य आले, पदरी मूल. पंचविशी उलटल्यावर त्या शिकायला बसल्या. त्या वयात धडे गिरवायचे म्हणजे लोक हसणारच. त्या शिकल्या, आश्रमाच्या कामात पडल्या, गावोगाव हिंडून त्यांनी आश्रमासाठी पैसा जमवला, आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला व निधी जमवायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. देवरुखच्या स्वयंपाकघरात त्यांना ‘वेळेचा सदुपयोग करा’ असा उपदेश कोणी केला असता तर काय झाले असते? काहीच नाही. त्यांना आधी वेळ मिळवून द्यावा लागला. हिंगण्यात ओळखीच्या कामांबरोबर, स्वयंपाक आणि पाणी यांच्याबरोबर, वाचण्याची वेळही ठरलेली होती. ती बाईची स्वतःची होती, आणि त्या वेळी तिला दुसऱ्या कामाला हाक मारायची नाही, हा फरक होता.

म्हणून ज्या घरात मुलगी शाळेत जाते, तिथे मला हे विचारावेसे वाटते की तिच्या अभ्यासाची वेळ घरात सर्वांना ठाऊक आहे का. मुलगा पुस्तक घेऊन बसला की त्याला कोणी उठवीत नाही. मुलगी बसली की तेवढ्यात पाणी संपते, भाकरीचे पीठ मळायचे असते, धाकटे रडते. तिला वेळेचे महत्त्व कळत नाही असे नव्हे. तिची वेळ दुसरे कोणी खर्च करीत असते. शिक्षकांनी पालकांना भेटताना गुणांआधी ही चौकशी करावी.

आता दोघांचे आयुष्य शेजारी ठेवून पाहू. दीक्षितांना मुरूड सोडल्यापासून मोजली तर अठ्ठावीस वर्षे मिळाली. कर्व्यांना नुसत्या निवृत्तीनंतर, १९१४ पासून, अठ्ठेचाळीस मिळाली. त्यांत त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, सत्तरी उलटल्यावर जगभर प्रवास करून त्या कामाची माहिती दिली आणि पैसा आणला. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, १९६२ मध्ये ते गेले.

कोणी म्हणेल, दीक्षितांनाही एवढी वर्षे मिळती तर! मलाही तसे वाटते. पण त्यांच्या ग्रंथांत घाई कुठे दिसत नाही, हे सांगितलेच पाहिजे. आपल्यापाशी दिवस थोडे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी द्वादशीचे गणित लवकर सुटले नसते. घाई आणि नेम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घड्याळ आल्यापासून आपण त्यांची गल्लत करू लागलो आहोत. सारखे मनगटाकडे पाहणारा माणूस वेळेचा पक्का असतोच असे नाही, बहुधा तो गाडी चुकलेला असतो.

दीक्षितांच्या दोन घटकांना लागेल असे एक काम सांगतो. ते गुरुजींनी मुलांबरोबर करण्यासारखे आहे, आणि खर्च काही नाही. आकाशात कृत्तिकांचा पुंजका सर्वांच्या ओळखीचा आहे, सहा-सात बारीक ताऱ्यांचा. कार्तिकात साधारण दिवस मावळताना तो पूर्वेला उगवतो. पण रोज त्याच वेळी नाही. कोणताही तारा आज उगवला त्यापेक्षा उद्या चार मिनिटे, म्हणजे बरोबर दहा पळे, आधी उगवतो. महिन्याला दोन तास. हे मुलांनी ऐकून पाठ करू नये, रोज ठरल्या वेळी अंगणात उभे राहून कृत्तिका कोणत्या झाडाच्या किती वर आल्या ते वहीत टिपावे. पंधरा दिवसांत वही बोलू लागते. चार दिवस चुकले तर तेही वहीत दिसते. पूर्वी मोटेची पाळी आणि रात्रीची गाडी जुंपायची वेळ लोक तिकांड्याच्या आणि सप्तर्षीच्या बाजेवरून ओळखत, ते अशाच पाहण्यातून आलेले शहाणपण होते.

दुसरे असे की शाळेच्या पटांगणात पूर्व दिशेची नेमकी खूण करून ठेवावी. एक काठी सरळ उभी रोवा. तिच्याभोवती, काठीच मध्य धरून, जमिनीवर एक वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे एक खुंटी ठोका, दुपारनंतर पुन्हा शिवते तिथे दुसरी. दोन खुंट्यांना दोरी बांधली की ती पूर्व-पश्चिम दाखवते. आता कार्तिकातल्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी त्या दोरीच्या रेषेत पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. कृत्तिका खुणेवर उगवत नाहीत. डाव्या हाताला, उत्तरेकडे सरकून, सुमारे पंचवीस अंशांवर उगवतात. पण शतपथ ब्राह्मण या जुन्या ग्रंथात असे म्हटले आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. ग्रंथ खोटा म्हणावा की आकाश? दीक्षितांनी दोन्ही खरी धरली आणि गणित केले. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश फिरतो, म्हणून तारे शतकानुशतके जागा बदलतात. मग कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील? उत्तर आले, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. १८९५ मध्ये त्यांनी ते छापले. त्यावर विद्वानांचा वाद पुढे शंभर वर्षे आणि त्याहून अधिक चालला, आणि त्या वादात धुळे-पुण्याच्या या मास्तरांचे नाव घेतल्यावाचून कोणाला पुढे जाता आले नाही.